आठवी पोरगी आणि सात फण्या: जपानी पुराणकथांवरून कुमारांसाठी फॅन्टसी कशी लिहायची

माझी पहिली जपानी फॅन्टसी कादंबरी २८ पानांवर वारली. त्यात सगळं होतं हो, निन्जा होते, साकुराच्या पाकळ्या उडत होत्या, हिरॉइनच्या हातात कटाना तलवार होती आणि एक म्हातारबाबा चहाचे घुटके घेत घेत शहाणपणाचं बोलत होते. मी तेव्हा पुण्यात जपानीच्या क्लासला जायचे, तिथल्या मॅडमना ती पानं मोठ्या हौसेने दाखवली, त्यांनी शांतपणे वाचली आणि एकच विचारलं, "हे कधी घडतंय?" मी म्हटलं, प्राचीन काळी, देवांच्या काळात. "मग चहा कुठून आला?"

बोलतीच बंद. जपानी सम्राटाला चहा दिल्याची पक्की नोंद आहे ८१५ सालची आणि देवांच्या कथा त्याच्या शंभर वर्षं आधीच कागदावर उतरल्या होत्या. बाकी सामानाचंही तेच, वाकडी कटाना दहाव्या शतकाच्या पुढची, निन्जा तर त्याच्याही कितीतरी नंतरचे. थोडक्यात मी पुराणकथा घेतलीच नव्हती, ॲनिमे बघून बघून डोक्यात जमलेलं वॉलपेपर चिकटवलं होतं.

नंतर तेच काम परत केलं, यावेळी जरा डोकं ठिकाणावर ठेवून, आणि सध्या तिसरा ड्राफ्ट चालू आहे. त्यात जे हाताला लागलं ते पायरी-पायरीने लिहितेय. उदाहरण सगळीकडे माझ्याच गोष्टीचं देणार आहे, हवेत सल्ले देण्यापेक्षा ते बरं.

पायरी १: अख्खं ताट नको, एक घास घ्या

बहुतेक जण सुरुवातच अशी करतात की सूर्यदेवी आमातेरासु, चंद्रदेव त्सुकुयोमी, वादळी सुसानो, पाताळातली इझानामी, सगळ्यांना एकाच गोष्टीत कोंबायचं. मग ३०० पानांत प्रत्येकाला हजेरी लावायला लावली की संपलं, गोष्ट राहिली बाजूला. त्यापेक्षा एक छोटा प्रसंग उचला, ज्यात एखादं माणूस उभं आहे पण त्याला बोलायला कुणी दिलेलं नाही.

मी उचलला तो आठ डोक्यांच्या सापाचा, यामाता नो ओरोचीचा. मूळ गोष्ट अशी: सुसानोने वरती स्वर्गात धिंगाणा घातला म्हणून त्याला हाकलून दिलंय. तो इझुमो प्रांतात हि (आजची हिइ) नावाच्या नदीच्या काठी उतरतो. नदीतून एक जेवायची काडी वाहत येते, ती बघून तो ओळखतो की वर कुणीतरी राहतंय. वर जातो तर म्हातारा-म्हातारी मधे मुलीला घेऊन रडत बसलेत. आठ मुली होत्या, दरवर्षी ओरोची येतो आणि एक खातो, आता आठवीची पाळी. सुसानो म्हणतो मुलगी मला द्या. मग तो मुलीची फणी करतो, स्वतःच्या केसांत खोचतो, आठ वेळा गाळलेल्या दारूची आठ भांडी मांडून ठेवतो, साप आठही डोकी भांड्यांत घालून पितो, झिंगून पडतो, सुसानो त्याचे तुकडे करतो. शेपटी कापताना त्याच्या तलवारीची धार तुटते, कारण आत दुसरी तलवार असते, जी पुढे कुसानागी म्हणून प्रसिद्ध झाली.

आता या सगळ्यात ती मुलगी, कुशिनादाहिमे, काय बोलते? काहीच नाही. एक वाक्यसुद्धा नाही. गोष्टीच्या ऐन मध्यावर तर ती फणी असते! मला माझी हिरॉइन तिथेच मिळाली.

तुम्हाला साप नको असेल तर असे गप्प बसलेले लोक भरपूर आहेत. इझानागी आणि इझानामी या आद्य देव-जोडप्याचं पहिलं मूल हिरुको, जळूसारखं जन्मलं म्हणून बोरूच्या होडीत घालून सोडून दिलं, पुढच्या काळात लोकांनी त्यालाच एबिसु देव मानलं. इवानागाहिमे, सूर्यदेवीच्या नातवाने धाकटी बहीण सुंदर म्हणून तिला ठेवून घेतलं आणि हिला कुरूप म्हणून बापाकडे परत पाठवली, आणि त्यामुळे त्याच्या वंशातल्या राजांचं आयुष्य फुलासारखं अल्प झालं. परत पाठवल्यावर ती घरी येऊन काय म्हणाली असेल? घ्या, एक कादंबरी.

पायरी २: दोन पुस्तकं आणि एक वही

मूळ ग्रंथ दोन. कोजिकी, ७१२ सालचं, हिएदा नो आरे या माणसाला पाठ असलेल्या कथा ओ नो यासुमारो या अधिकाऱ्याने लिहून काढल्या. आणि निहोन शोकी, ७२० सालचं. (या यासुमारोची कबर १९७९ मध्ये नाराजवळ सापडली आणि तीसुद्धा कुठे, तर चहाच्या मळ्यात. माझ्या २८ पानांचा सूड म्हणायचा.) इंग्रजीत चेंबरलेनचं कोजिकीचं भाषांतर १८८२ चं आणि ॲस्टनचं निहोन शोकीचं १८९६ चं, दोन्ही जुनी असल्याने नेटवर फुकट मिळतात. चेंबरलेनसाहेब इतके लाजाळू की जिथे जिथे चावट मजकूर आला तिथे त्यांनी इंग्रजी सोडून लॅटिन लिहिलंय, त्यामुळे अचानक लॅटिन दिसलं तर घाबरू नका, काय चाललंय ते समजून घ्या.

दोन पुस्तकं का, एकाने भागत नाही का? नाही भागत, आणि खरी मजा तिथेच आहे. निहोन शोकी एक प्रसंग सांगतं आणि मग खाली "एका ग्रंथात असं म्हटलंय", "आणखी एका ग्रंथात असं" करत चार-पाच पाठभेद देत जातं. अन्नदेवतेला कोणी मारलं? कोजिकीत सुसानोने, निहोन शोकीत त्सुकुयोमीने, आणि तिथे त्यावरून सूर्य-चंद्राचं भांडण होऊन दोघं दिवस-रात्र वेगळे झाले. ओरोचीला कसली दारू पाजली? एका पाठात नुसती दारू, दुसऱ्यात फळांपासून केलेली. म्हणजे "मूळ कथेत बदल करू का नको" ही भीती विसरा, मूळ कथाच एक नाहीये. पण बदल करताना तुम्हाला कळायला पाहिजे की आपण काय बदलतोय.

त्यासाठी वहीत तीन रकाने करा: कोजिकी, निहोन शोकी, माझं. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. माझ्या वहीत तिसरा रकाना पहिले दोन महिने जवळपास रिकामा होता आणि ते चांगलंच झालं.

अजून एक गोष्ट वहीतच लिहून ठेवा. ही दोन्ही पुस्तकं यामातोच्या, म्हणजे तेव्हाच्या मध्यवर्ती सत्तेच्या, दरबाराने करवून घेतली, आपलं राजघराणं सूर्यदेवीपासून आलं हे ठसवायला. इझुमोच्या लोकांचा स्वतःचा ग्रंथ आहे, ७३३ सालचा इझुमो फुदोकी, त्यात देव दोर लावून समुद्रापलीकडची जमीन ओढून आणतो अशी झकास कथा आहे, पण ओरोचीची गोष्ट त्यात नाहीच! ज्या नदीकाठी हे सगळं घडलं म्हणतात तिथल्याच ग्रंथात साप नाही. हे वाचलं तेव्हा मी ताडकन उठून बसले, कारण माझ्या गोष्टीतला सगळ्यात मोठा प्रश्न मला आयता मिळाला: ही गोष्ट नक्की कोण कोणाला सांगतंय?

पायरी ३: काळ ठरवा, मग घर झाडून काढा

पुराणकथेचा काळ म्हणजे कुठला, असं कोणी विचारेल. अवघड आहे, कारण कथा स्वतःच भेसळीची आहे. तिसऱ्या शतकातल्या चिनी नोंदीत लिहिलंय की या बेटांवर घोडे नाहीत आणि लोक हाताने जेवतात, आणि इकडे कथेत सुसानो सोललेला घोडा विणकामाच्या दालनात फेकतो आणि नदीतून जेवायची काडी वाहत येते. तेव्हा शुद्ध काळ शोधत बसू नका, आपल्यापुरता एक ठरवा. मी साधारण पाचवं शतक धरलं.

एकदा ठरलं की मग झाडू घ्यायचा. जमिनीत खड्डा करून वर गवताचं छप्पर घातलेली घरं, धान्याची कोठारं मात्र खांबांवर उंच, आणि खांबाच्या डोक्याला उंदीर वर चढू नये म्हणून आडवी फळी. पुरुषांचे केस मधे भांग पाडून दोन्ही कानांशी गुंडाळलेले, त्याला मिझुरा म्हणतात. तलवार सरळ. गळ्यात मागातामा, स्वल्पविरामाच्या आकाराचे दगडी मणी. खायला भात, बाजरीसारखी भरड धान्यं, मासे, मीठ, शेवाळ, चेस्टनट, पीच. साके म्हणजे तांदळाची दारू आहे, चहा नाही (हो, मी हे विसरणार नाही आता). समुराई, गेशा, सुशी बार, कागदी कंदील हे सगळं बाहेर.

आणि फणी! मी पहिल्यांदा लिहिताना डोळ्यांसमोर आपली उवा काढायची दोन्हीकडून दात असलेली फणी होती. तिथल्या त्या काळातल्या फण्या उभट, बांबूच्या बारीक कामट्या वाकवून, एकत्र बांधून, वरून लाखेसारखं रोगण दिलेल्या, दात लांब, डोक्यात खोचून ठेवायला सोयीच्या. एवढं कळलं आणि अख्खा सीन बदलला. कारण मग ती केसांत "अडकवलेली" राहत नाही, ती उभी खोचलेली असते, त्याच्या डोक्यावरून तिला समोरचं दिसत असणार.

योकाईंबद्दल, म्हणजे जपानी भुताखेतांबद्दल, एक ओळ. कप्पा, तेंगु वगैरे जी चित्रं आपल्याला माहीत असतात त्यांचा मोठा भाग फार नंतरच्या काळातला आहे, तोरियामा सेकिएनचं प्रसिद्ध चित्रपुस्तक १७७६ चं. कोजिकीच्या गोष्टीत ते आणायचे असतील तर आणा, पण माहीत असून आणा.

पायरी ४: वय मोजा

कुमारांसाठी लिहायचंय म्हणजे हिरो-हिरॉइन १४ ते १८ चे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नुसतं वय लिहून पोरगी पंधराची होत नाही. तिच्या वयाचं कथेशी गणित बसवा.

कोजिकीत कुशिनादाचं वय दिलेलं नाही. मी पंधरा धरलं. दरवर्षी एक बहीण, सात बहिणी, सात वर्षं. म्हणजे पहिली गेली तेव्हा ही आठ वर्षांची होती. आठ वर्षांच्या मुलीला काय कळतं? तिला कळतं की ताई गेली आणि ताईची फणी आता मला मिळाली. पुढच्या वर्षी दुसरी. मग तिसरी. पंधराव्या वर्षी तिच्याकडे सात फण्या आहेत. हे कुठल्याही ग्रंथात नाही, माझं आहे, पण ते गणितातून आलंय म्हणून ते खोटं वाटत नाही.

आई-बापाची नावंही बघा. आशिनाझुचि आणि तेनाझुचि, यात आशि म्हणजे पाय, ते म्हणजे हात, आणि या नावांचा अर्थ पाय कुरवाळणारा, हात कुरवाळणारी असा लावतात. निहोन शोकीत तर दोघं मुलीला मधे घेऊन कुरवाळत रडतायत असंच लिहिलंय. आणि एवढं कुरवाळूनही त्यांनी सात मुली दिल्याच की. पंधरा वर्षांच्या मुलीला या गोष्टीचा राग येत नसेल? तो राग हीच तुमची कादंबरी. सापाशी मारामारी पाच पानांत उरकते.

सुसानोकडेही याच नजरेने बघा, तो हिरो कमी आणि सुटलेला पोरगा जास्त आहे. दाढी छातीपर्यंत आली तरी आईकडे जायचंय म्हणून रडत होता, त्याच्या रडण्याने डोंगर सुकले, बहिणीची, म्हणजे आमातेरासुची, भातखाचरं मोडली, घरात घाण केली. असा माणूस उद्धारकर्ता म्हणून दारात उभा राहतो! मला तो आवडतो, पण माझ्या हिरॉइनला लगेच आवडता कामा नये.

पायरी ५: जादूचे नियम मुळातून काढा

इथे जरा जास्त वेळ घालवणार आहे कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पाश्चात्य फॅन्टसी वाचून आपल्याला सवय लागलीये की एक काळा राक्षस, एक पांढरा गट, शेवटी युद्ध. जपानी पुराणकथा त्यावर चालत नाहीत. तिथे प्रश्न असतो की कोणी कुठली सीमा ओलांडली, कोणाला काय चिकटलं, आणि ते धुतलं का. इझानागी मेलेल्या बायकोला आणायला योमीत, म्हणजे पाताळात, जातो, ती म्हणते मी इथलं अन्न खाल्लंय, जरा थांब, बघू नकोस. तो फणीचा एक दात मोडतो, पेटवतो आणि बघतो. तिच्या अंगात अळ्या वळवळतायत. पळ. पळताना तो फणी फेकतो तर तिचे बांबूचे कोंब होतात, पाठलाग करणाऱ्या बाया ते खात बसतात. शेवटी मोठी शिळा ढकलून वाट बंद, पलीकडून ती म्हणते तुझी हजार माणसं रोज मारीन, अलीकडून हा म्हणतो मी रोज दीड हजार बाळंतघरं बांधीन. मग तो नदीत अंघोळ करतो आणि डाव्या डोळ्यातून आमातेरासु, उजव्यातून त्सुकुयोमी, नाकातून सुसानो.

एवढ्या एका प्रसंगात तीन नियम हाताला लागतात: तिथलं खाऊ नकोस, सांगितलंय तिथे बघू नकोस, आणि लागलेलं धुवून काढ. माझ्या अख्ख्या कादंबरीची जादू या तीनवर उभी आहे.

आता त्या "लागलेल्या"ला जपानीत केगारे म्हणतात आणि मराठीत लिहायला बसलं की बोटं आपोआप "विटाळ" टाईप करतात. थांबा तिथे. विटाळ म्हटलं की आपल्या वाचकाच्या डोक्यात पाळी येते, जात येते, पाणवठा येतो, आणि ते यायलाच पाहिजे कारण तो आपला इतिहास आहे. जपानमध्येही मृत्यूशी, कातड्याशी संबंधित कामं करणाऱ्यांना याच कल्पनेवरून पिढ्यानपिढ्या बाहेर ठेवलं गेलं. त्यामुळे शब्द वापरायचा असेल तर त्याचा भार गोष्टीने उचलायला हवा. मी केगारे हाच शब्द ठेवला आणि सात मुली गमावलेल्या घराला गाव शिवत नाही असं दाखवलं, त्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. बाकी वाचकाला समजतं, आपण छडी घेऊन उभं राहायची गरज नाही.

आणखी एक सुंदर चीज म्हणजे उकेहि. म्हणजे आधी अट बोलून दाखवायची, "असं झालं तर मी खरा", आणि मग जे घडेल तो निकाल. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात ना, उजवी पाकळी पडली तर हो, त्याच्या जवळपासचं. सुसानो आणि आमातेरासु एकमेकांची तलवार आणि मणी घेऊन, चावून, फुंकर मारतात आणि त्यातून देव जन्मतात. गंमत बघा, निहोन शोकीत अट आधी सांगितलीये, कोजिकीत मात्र आधी काहीच ठरलेलं नाही, निकाल लागल्यावर सुसानो ओरडतो, मीच जिंकलो! वर्गात असा एक मुलगा प्रत्येकाच्या असतो. माझ्या कुशीने (कुशिनादाचं घरगुती नाव) त्याला पहिलाच प्रश्न तोच विचारलाय: अट आधी सांगणार का नंतर?

जादूची किंमत ठरवा, ती अंगावर येऊ दे. माझ्या गोष्टीत फणीचे दात म्हणजे तिची बोटं. इझानागीसारखा एक दात पेटवला तर उजेड मिळतो, पण परत माणूस झाल्यावर एक बोट कमी. निहोन शोकीत एके ठिकाणी म्हटलंय की याच प्रसंगामुळे लोक रात्री एकच दिवा लावायला आणि रात्री फणी टाकायला घाबरतात. आजही तिकडे बरेच जण फणी भेट देणं टाळतात, कु म्हणजे यातना आणि शि म्हणजे मृत्यू असा आवाज निघतो म्हणून. एवढं आयतं मिळत असताना विजेचे गोळे फेकणारी पोरगी कशाला लिहायची?

आठ आकड्याबद्दल राहिलंच. आठ डोकी, आठ दऱ्या, आठ भांडी, ऐंशी भाऊ, ऐंशी लाख देव, हे मोजून घेऊ नका. आपण "असे छप्पन पाहिलेत" म्हणतो तेव्हा कोणी पंचावन्नावा कुठेय विचारत नाही. आठ म्हणजे पुष्कळ.

पायरी ६: नावं, आणि आपला च

नावं लांब असतात, पण उकलली की सोपी. हिमे म्हणजे राजकन्या किंवा थोर घरची बाई, हिको पुरुष, मिकोतो आदराचं शेपूट, आमा किंवा आमे म्हणजे आकाश, कुनि म्हणजे देश. पूर्ण नाव एकदा द्या, मग घरगुती नाव वापरा, नाहीतर तेरा वर्षांचा वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतो. माझ्या नायिकेला घरी कुशी म्हणतात. जपानीत कुशी म्हणजे फणी, दुसऱ्या अर्थाने अद्भुत, आणि मराठी कानाला ऐकू येतं "आईच्या कुशीत". हे मी शोधलं नाही, पदरात पडलं, सोडते कशाला.

उच्चारात मराठी माणसाची चैन आहे. त्सुकुयोमीमधला त्सु हिंदीवाल्यांना जड जातो, आपल्याला चूल मधला च म्हटलं की झालं. फक्त लिहिताना च लिहिलात तर कोणी चहातला च वाचेल, म्हणून त्सु असंच लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एखाद्या पात्राकडून उच्चार करवून घ्या.

तू, तुम्ही आणि आपण हे तिन्ही आपल्याकडे आहेत ही मोठीच सोय. सुसानो मुलगी मागतो तेव्हा बाप घाबरत म्हणतो की तुमचं नाव काही मला ठाऊक नाही. तो सांगतो, मी आमातेरासुचा धाकटा भाऊ. त्या क्षणी बापाच्या तोंडचं "तुम्ही" "आपण" होतं, आणि कुशी मात्र त्याला शेवटपर्यंत "तू" च म्हणते. इंग्रजीत हे करायला परिच्छेद लागला असता.

पायरी ७: एक सीन दोनदा लिहा

माझ्या मेलेल्या कादंबरीतलं, लाज सोडून:

"चंद्राच्या रुपेरी प्रकाशात तिने कटाना उपसला. तिच्या किमोनोवर साकुराच्या पाकळ्या पडल्या. 'मी तुला घाबरत नाही, ओरोची!' ती गरजली."

आणि आताचं:

"बाबा सकाळपासून माझे पाय चोळत होते. गार पडलेत म्हणाले. गार नव्हते. आई तांदूळ मोजत होती, आठ भांड्यांना पुरतील का बघत, आणि चारदा मोजून चारदा विसरली. तो परका माणूस दारात बसून कान खाजवत होता. कोपऱ्यात सात फण्या होत्या आणि डोकं एकच. मी सगळ्यात जुनी घेतली, थोरल्या ताईची, तिचा एक दात आधीच मोडलेला होता."

दुसऱ्यात साप नाही, जादू नाही, तरी भाचीने विचारलं, पुढे काय झालं. पहिल्याला ती फक्त "छान आहे मावशी" म्हणाली होती.

साप आला की त्याला नीट दाखवा, तिथे कंजुषी नको. ग्रंथात म्हटलंय डोळे पिकलेल्या होओझुकीसारखे लाल, म्हणजे आपल्या रसभरीच्या कुळातलं कागदी टरफलाचं तांबडं फळ, अंगावर शेवाळ, देवदार आणि सायप्रससारखी झाडं उगवलेली, लांबी आठ दऱ्या आठ टेकड्या, पोट कायम रक्ताळलेलं. काही अभ्यासक म्हणतात हा साप म्हणजे पुराने फुगणारी हिइ नदीच, काही म्हणतात तिथल्या लोखंडी वाळूचा, भट्ट्यांचा हा लाल रंग. ओकुइझुमोमध्ये वाळूतून पोलाद काढणारी पारंपरिक तातारा भट्टी आजही पेटवतात, तीन दिवस तीन रात्री. शेपटीतून तलवार निघणं या भूगोलात किती चपखल बसतं बघा. शक्य असेल तर इवामी कागुरा या नाच-नाट्याचे व्हिडिओ बघा, बांबू आणि कागदाचे ते लांबलचक साप स्टेजवर एकमेकांत गुंडाळतात तेव्हा अंगावर काटा येतो.

पायरी ८: शेवट कुठे करायचा

साप मेल्यावर सुसानो सुगा नावाच्या जागी घर बांधतो आणि गाणं म्हणतो, जपानमधली पहिली ३१ अक्षरांची कविता तीच मानतात. त्याचा आशय काय, तर ढग उठतात, मी बायकोला ठेवायला आठपदरी कुंपण घालतो, ते आठपदरी कुंपण. रोमँटिक म्हणून सांगतात. मी मात्र कुशीच्या जागी उभी राहून वाचलं आणि गार पडले. आठ डोक्यांतून सुटली, फणीतून सुटली, आणि आता आठ कुंपणं?

माझी कादंबरी अर्ध्यावर साप मारते आणि उरलेली अर्धी कुंपणाची आहे. तुमच्या कथेतही अशी जागा शोधा, जिथे मूळ गोष्ट "आणि ते सुखाने नांदले" म्हणून निघून जाते. चार टप्प्यांची कि-शो-तेन-केत्सु रचना वापरा असं नेटवर सगळे सांगतात, वापरा हवी तर, पण ती मुळात चिनी कवितेतून आलीये आणि कोजिकीला तिचा पत्ता नाही.

पायरी ९: देव जिवंत आहेत हे विसरू नका

हे ग्रीक देवांसारखं म्युझियममधलं प्रकरण नाही. मात्सुएच्या यायेगाकी देवळात आजही मुली तळ्यात कागदावर नाणं ठेवून सोडतात, कागद लवकर बुडाला तर लग्न लवकर. क्योतोच्या यासाका देवळात सुसानो, कुशिनादा आणि त्यांची मुलं आहेत, आणि जुलैतला गिओन उत्सव त्याच देवळाचा. (गिओन हे नाव आपल्या श्रावस्तीच्या जेतवनावरून गेलंय.) तेव्हा सुसानोला वात्रट दाखवा, ग्रंथच दाखवतो, पण नुसता जोकर करू नका.

मराठी लेखकाला अजून एक मोह होतो तो म्हणजे बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती, कांगितेन म्हणजे गणपती, मग आणूया त्यांनाही. आसाकुसाला कांगितेनच्या देवळात मुळा वाहतात हे वाचून मलाही भरून आलं होतं. पण हे देव बौद्ध धर्माबरोबर सहाव्या शतकापासून पुढे तिकडे पोचले, माझ्या पाचव्या शतकातल्या नदीकाठी त्यांना कुणी ओळखत नाही. तो मोह मी दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवलाय.

शेवटी पुस्तकाच्या मागे एक पान लेखिकेची टीप टाका: काय कोजिकीतलं, काय निहोन शोकीतलं, काय माझं. वहीचे तीन रकाने आहेतच, उतरवून काढायचं फक्त.

मग ते बाड खऱ्याखुऱ्या पोरांना द्या, मोठ्यांना नको, मोठे कौतुक करतात. भाचीला दिलं तेव्हा फक्त सांगितलं की जिथे मोबाईल हातात घेशील तिथे पेन्सिलने टिंब काढ. चौदा टिंबं आली, त्यातली नऊ एकाच प्रकरणात, जिथे मी पाचव्या शतकातली घरं कशी बांधायची ते साडेतीन पानं समजावलं होतं. ते कापून आठ ओळींवर आणलं, उंदराची फळी तेवढी ठेवली. आणि समासात तिने एक प्रश्न लिहिला होता, "बाकीच्या सहा फण्यांचं काय झालं?" त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, म्हणून तर तिसरा ड्राफ्ट.